रापीची पेनी

सरकारला एके दिवशी कळलं, की सुरीला धार असते.

सुऱ्या घडवणाऱ्या आम्हा शेफील्डकरांना ही गोष्ट सातशे वर्षं माहीत होती, पण आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं, की धार असते म्हणूनच तिला सुरी म्हणतात, नाहीतर चमचा म्हटलं असतं. मग नियम आला. धारेची वस्तू इंटरनेटवरून विकायची तर घेणाऱ्यानं फोटो असलेला सरकारी कागद दाखवायचा, वर स्वतःचा ताजा फोटो काढून पाठवायचा. दोन्ही चेहरे एकाच माणसाचे आहेत आणि त्या माणसाला अठरा पूर्ण झाली आहेत, अशी खात्री पटली तरच माल पाठवायचा. पार्सलवर आत काय आहे ते ठळक लिहायचं आणि दारात ते त्याच माणसाच्या हातात द्यायचं. बायकोनं मागवलेली सुरी नवऱ्याच्या हाती पडता कामा नये. काही घरांच्या बाबतीत हे शहाणपणाचंच आहे म्हणा.

हसायला सोपं आहे. पण आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर दिव्याच्या खांबाला प्लास्टिकच्या फुलांचा एक गुच्छ बांधलेला आहे. चार वर्षं झाली, रंग उडाला, तरी कोणी काढत नाही. तिथं एका पोराला भोसकलं होतं. मारणाराही पोरच होता आणि त्याच्या हातातली सुरी घरपोच आली होती. म्हणून नियमाला कोणी शिव्या घातल्या, की नोरीन मावशी त्याला गप्प बसवायची. म्हणायची, "नियम बरोबर आहे. फक्त तो लिहिणाऱ्यानं उभ्या जन्मात काही कापलेलं नाही."

नोरीन मावशी म्हणजे आमच्या ऑक्सप्रिंगच्या कारखान्यातली सगळ्यात जुनी बाई. कारखाना म्हणायचं, पण माणसं पाच. खोगीर शिवणारे, जोडे शिवणारे, पुस्तकं बांधणारे, अशा लोकांच्या कातडं कापायच्या रापी आणि सुऱ्या आम्ही करतो. माझं काम बांधाबांधीचं. बावीस वर्षं मी त्याच टेबलापाशी उभी आहे. मावशी पंधराव्या वर्षी पॉलिशच्या चाकावर लागली, तेव्हा पोरी अंगाला तपकिरी कागद गुंडाळून आणि डोक्याला लाल रुमाल बांधून चाकापुढे बसायच्या आणि गायच्या. आता तिची बोटं वाकली, चाक सुटलं, पण गाणं राहिलं. चहा करताना गुणगुणायची:

चाक फिरे गरागरा, पातं गाई झिणीझिणी,
कुणाच्या गं हाती जाशी, सांग मला साजणी.

कुणाच्या हाती जाशी, हे पात्यानं कधी सांगितलं नाही. आता सांगायचं काम कंप्युटरवर आलं.

मालक क्लाइव्ह ऑक्सप्रिंग घाबरट आणि भला माणूस. मावशीनं त्याला पाळण्यात पाहिलेलं, त्यामुळे तो पन्नाशी उलटूनही तिच्यापुढे बाळच. त्यानं एका कंपनीकडून चेहऱ्यावरून वय ओळखणारा प्रोग्रॅम महिन्याच्या भाड्यानं घेतला. आधी आम्ही तो एकमेकांवर चालवून पाहिला. त्यानं क्लाइव्हला एकोणचाळीस ठरवलं, आणि दिवसभर क्लाइव्ह शीळ घालत हिंडला. मावशीच्या वेळी मात्र वय ठरवता येत नाही, कृपया चष्मा काढा, असं आलं. चष्मा काढल्यावर एकेचाळीस आलं. मावशी चौऱ्याहत्तरची. तिनं पडद्याला सांगितलं, "राजा, चष्म्याची गरज तुला आहे."

यंत्राच्या शब्दावर शेवटची मोहोर माणसानं मारायची, अशी अट होती. क्लाइव्हनं ती जागा मावशीला दिली. वयपडताळणी अधिकारी, अशी गळ्यात अडकवायची पाटीसुद्धा छापून आणली. मावशी ती पाटी चहाच्या कपाखाली ठेवायची.

चेहऱ्यावर तिचा विश्वास नव्हता. तिचा आजा जात्यांच्या दगडांना टाकी लावणारा. टाकीचे लोखंडी कण उडून त्या लोकांच्या हातात रुतायचे आणि कातडीखाली निळे-काळे होऊन जन्मभर राहायचे. असा एखादा टाकीवाला काम मागत दारात आला, की गिरणीवाला नावगाव विचारायचा नाही. म्हणायचा, धातू दाखव. तो बाह्या वर सारायचा. जितके ठिपके तितकी वर्षं. त्या काळी खोटा कागद करता येत होता, पण खोटे हात करता येत नव्हते.

तेव्हा मावशीनं गिऱ्हाइकांना जाणाऱ्या पत्रात आपली एक ओळ घातली. चेहऱ्याबद्दल आभार, आता हात दाखवा. क्लाइव्हला घाम फुटला. हे नियमात नाही, तो म्हणाला, हात दाखवून अवलक्षण कशाला. मावशी म्हणाली की नियमात नको असंही कुठे लिहिलेलं नाही. आणि नवल म्हणजे लोकांनी हात पाठवले. दोऱ्यानं चिरा पडलेली करंगळी, सरसानं पिवळी पडलेली नखं, अर्धं बोट नसलेला एक पुस्तक बांधणारा. त्यानं तर खाली लिहिलं होतं, की तीस वर्षांत माझ्या हाताकडे कोणी प्रेमानं पाहिलेलं नाही. उलट एकदा सहा मोठ्या सुऱ्यांची मागणी आली. कागद बिनचूक, वय चौतीस, यंत्र खूश. हात आले ते कणकेच्या गोळ्यासारखे, कांद्याचीही ओळख नसलेले. मावशीनं विचारलं, सहा कशाला हव्यात? उत्तर आलं नाही. तिनं मागणी रद्द केली. पुढं त्याचं काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही, आणि आपलं बरोबर होतं असं तीही कधी म्हणाली नाही. त्या संध्याकाळी ती बस सोडून चालत घरी गेली, त्या खांबावरून.

फेब्रुवारीच्या शेवटी वॉल्सॉलहून कीली स्मॉलवुड या नावानं मागणी आली. खोगिराचं कातडं कापायची अर्धचंद्री रापी, एक. यंत्रानं चेहऱ्यावरून सव्वीस सांगितलं. कागदानं सांगितलं, सतरा वर्षं अकरा महिने. मावशीनं हात पाहिले आणि फोटो मोठा करून पुन्हा पाहिले. मग मला हाक मारली. करंगळीच्या बुडाशी मेणाच्या दोऱ्यानं पाडलेली खाच होती, तर्जनीवर आरीचे जुने टोचे होते, आणि अंगठ्याची कड चापट झालेली होती.

"हे हात आठव्या-नवव्या वर्षापासून कातड्यात आहेत," मावशी म्हणाली. "आणि हिला मी नाही म्हणायचं."

तिनं नाही म्हटलं. नियम तो नियम. पण नकाराचं छापील पत्र न पाठवता तिनं फोन केला, आणि तिथंच घोटाळा झाला. छापील पत्राला कोणी उलट उत्तर देत नाही, फोनवर माणूस भेटतो.

पोरगी सांगत होती, आणि मावशी आम्हालाही ऐकू येईल असा फोन धरून बसली होती. कीली आजोबांकडे वाढलेली. आजोबा रोलंड खोगीर शिवणारे, तेच तिचे गुरू. चौदा मार्चला तिची खोगीरकामाची परीक्षा. अवजारं ज्या बाकावर शिकलात त्याच बाकावरची आणायची आणि परीक्षक आधी अवजारंच तपासतात. आजोबांची रापी झिजून बीजेच्या कोरीएवढी झालेली, आणि आता मुठीपाशी तिला तडा गेला होता. तडकलेलं अवजार म्हणजे दारातूनच परत, आणि पुढची परीक्षा दीड वर्षानं. अठरा पूर्ण व्हायची होती तेवीस मार्चला. नऊ दिवस आडवे आले होते.

मावशीनं साधा प्रश्न विचारला, की मग आजोबांनी का नाही मागवली? त्यावर फोन आजोबांनी घेतला.

मागवली होती, आधी त्यांनीच मागवली होती. पण त्यांना गाडी चालवता येत नाही, म्हणून लायसन नाही. समुद्र कधी ओलांडला नाही, म्हणून पासपोर्ट नाही. त्यांच्याकडे बसचा पास आहे, त्यावर फोटोही आहे. तो म्हाताऱ्यांनाच मिळतो, पासष्ट ओलांडल्याशिवाय हाती पडत नाही. यंत्र म्हणालं, हा पुरावा धरता येत नाही. म्हणजे रोलंड स्मॉलवुड, वय शहात्तर, यांची पासष्ट उलटली आहे हे सरकार मानतं आणि फुकट बसमध्ये बसवतं, पण अठरा उलटली की नाही याबद्दल शंका आहे.

"ज्याचं वय आहे त्याच्याकडं कागद नाही," आजोबा म्हणाले, "आणि जिच्याकडं कागद आहे तिचं वय नाही. असं आमचं घर आहे, बाई."

शेजारीण घेऊन द्यायला तयार होती, पण ते त्यांना नको होतं. शागिर्दाची पहिली रापी गुरूच्या घरातून यायची, शेजारणीच्या नावावर नाही. आणि दुकानातून घ्यावी म्हटलं तर वॉल्सॉलात रापीचं दुकान उरलेलं नाही. जे शेवटचं होतं तिथं आता नखं रंगवून देतात. शेफील्डला यायचं तर त्यांचे पाय गल्लीच्या पुढे चालत नाहीत. हे सगळं ते तक्रारीच्या सुरात सांगत नव्हते, हवामान सांगावं तसं सांगत होते. मावशीनं फोन ठेवला आणि चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

दुसऱ्या दिवशी तिनं क्लाइव्हला गाठलं. म्हणाली, विकायची नाही ना, मग देऊ. कायदा विकण्याला आहे. मी रापी विकत घेते, माझं वय झालेलं आहे, आणि त्या पोरीला भेट देते. क्लाइव्हनं नगरपालिकेत फोन लावला. तिथल्या बाईंनी सांगितलं की आम्ही सल्ला देत नाही, फक्त दंड करतो, सल्ला हवा तर वकिलाकडे जा. वकिलानं फी घेऊन सांगितलं, की घरगुती भेटीला हरकत दिसत नाही, पण पैशाचा एक कणही हात बदलता कामा नये. एक कणसुद्धा, असं क्लाइव्ह तीनदा म्हणाला. मग मावशीनं स्वतःच्याच दुकानात मागणी नोंदवली, स्पेनच्या एकुलत्या एका सहलीसाठी काढलेला पासपोर्ट यंत्राला दाखवला, चष्मा काढून फोटो काढला, आणि स्वतःच्याच हाताकडे बघून स्वतःला मंजुरी दिली.

आता एक गोष्ट आहे जी नियम लिहिणाऱ्याला माहीत नाही आणि आमच्याकडे दूधपितं पोरही जाणतं. सुरी फुकट देऊ नये. फुकटाची धार, माया कापी आरपार. म्हणून सुरी देणारा तिच्यासोबत एक पेनी, म्हणजे सगळ्यात लहान नाणं, देतो, आणि घेणारा ती पेनी तिथल्या तिथं देणाऱ्याच्या हातावर परत ठेवतो. मग ती भेट राहत नाही, सौदा होतो, आणि माया सुखरूप राहते. भेटीच्या प्रत्येक डब्यात झाकणाच्या आतून मी एक पेनी चिकटवते. लग्नाच्या, निरोपाच्या, कसल्याही.

मावशीनं मला बजावलं, "जॅनिस, या डब्यात पेनी नको हं." मग म्हणाली, "माया कापली गेली तर माझी जाईल. पोरीची परीक्षा तर होईल."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. आणि हात आपलं काम करत राहिले.

शनिवारी माझ्या गाडीतून आम्ही निघालो. क्लाइव्हनं एक पत्र दिलं होतं, की ही बाई ही रापी कामासाठी नेत आहे, ती कोणावर चालवणार नाही. मावशी सबंध रस्ता पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती, जणू आत रापी नाही, अंडी आहेत. पोलिसाची गाडी मागून आली, की ती गायची थांबायची. गाडी पुढे गेली, की उरलेली ओळ पुरी करायची.

स्मॉलवुडांच्या घरात कातड्याचा आणि मेणाचा वास. खालची खोली म्हणजेच कारखाना, खिडकीशी बाक आणि बाकावर अर्धं शिवलेलं खोगीर. आजोबा उंच, पाठीत वाकलेले, बोलताना दोन्ही हात खिशात. कीली बारीक, गप्प, केस दोऱ्यानंच बांधलेले. तिनं करड्या वाटाण्यांची आणि बेकनची पातेली टेबलावर आणून ठेवली. खाऊन झालं, ताटं उचलली, मेणकापड पुसलं. मग मावशीनं डबा काढून कीलीपुढे सरकवला.

पोरीनं झाकण उघडलं, आणि पेनी सुटून मेणकापडावर पडली. टणत्कार केवढासा, पण सवयीनं ती मीच चिकटवली होती.

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी पातेलीकडे पाहिलं. आम्ही दोघी काही बोलायच्या आत, चांगल्या घरात वाढलेल्या पोरीनं जे करावं तेच कीलीनं केलं. पेनी उचलली, मावशीची मूठ सोडवली, तळव्यावर पेनी ठेवली, आणि वर लाजत म्हणाली, "आता माया कापली जाणार नाही."

इंग्लंडच्या कायद्याच्या दृष्टीनं त्या क्षणी वयपडताळणी अधिकारी नोरीन ड्रॅबल हिनं सतरा वर्षांच्या मुलीला एका पेनीला रापी विकली.

मावशीनं निखारा टाकावा तशी पेनी टेबलावर टाकली. आजोबांना काय झालं ते कळेना, मग तिनं सगळं सांगितलं. भेट चालते, पैसा चालत नाही. पेनी म्हणजे पैसा. आजोबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मग पेनीशिवाय देणार होता? मावशीनं मान खाली घातली. शेफील्डची बाई, आणि पेनीशिवाय रापी घेऊन आली होती. आजोबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण एखाद्या पाहुण्यानं जोडे घालून बिछान्यावर चढावं, तसं ते बघत होते.

"फुकटची रापी माझ्या बाकावर येणार नाही," ते म्हणाले. "परीक्षा बुडाली तर बुडू दे."

"आणि पेनीची मी देऊ शकत नाही," मावशी म्हणाली. "आमच्या गल्लीत एक खांब आहे, रोलंडभाऊ. त्याच्यावरून मला रोज जावं लागतं. नऊ दिवसांसाठी आज सोडलं, तर उद्या नऊ महिन्यांसाठी कोणाला सोडायचं नाही, ते मी कुठं ठरवू?"

रापी मधोमध. तिच्या एका बाजूला पेनी. नवं पातं खिडकीतला सगळा उजेड एकटंच पिऊन बसलं होतं. एवढीशी धार आणि एवढंसं नाणं, पण चौघांपैकी एकाचीही बोट लावायची छाती होईना. मला वाटलं, संसदेतल्या लोकांना इथं आणून बसवावं आणि वाटाणे वाढावेत. कीली रडली नाही. तिनं फक्त हात टेबलाखाली घेतले. लहान पोर चोरी सापडल्यावर घेतं तसे, आणि तिनं तर काही चोरलेलं नव्हतं.

मावशीनं डबा आपल्याकडे ओढला आणि झाकण लावायला लागली. तिची बोटं वाकलेली, झाकण नीट बसेना. आजोबा ते बघत होते. शेवटी म्हणाले, "बाई, तुमचं काम नक्की काय?"

"वय तपासायचं."

"मग तपासा की. मी कधीचा बसलोय."

आणि त्यांनी खिशातून हात काढून मेणकापडावर उताणे ठेवले.

ते थरथरत होते. बारीक, सतत, वाऱ्यावरच्या पिंपळपानासारखे. खिशाचं कारण आम्हाला तेव्हा कळलं. मावशीनं झाकण सोडलं आणि ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. उजव्या करंगळीची खाच हाडापर्यंत गेलेली, कीलीच्या खाचेची आई शोभेल अशी. तळव्यावर आरीचे शंभर टोचे. डाव्या अंगठ्यावर अर्धचंद्राचा पांढरा व्रण, रापीनंच कधीतरी आपली सही केलेली. मावशी एकेका खुणेवरून बोट फिरवत होती, वाचत होती. यंत्राला सेकंद लागायचा, तिला पाच मिनिटं लागली.

"अठरा पूर्ण?" तिनं विचारलं.

"परवाच झाली," आजोबा म्हणाले.

"समोरासमोरचा सौदा आहे. कंप्युटर मधे नाही. घेणारा सज्ञान आहे, माझी खात्री झाली." मावशीनं डबा त्यांच्यापुढे ठेवला. आजोबांनी पेनी उचलायला दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा ती निसटली. तिसऱ्यांदा कीलीनं हात पुढे केला, पण मावशीनं तिच्याकडे असं पाहिलं की तो जागीच थांबला. चौथ्यांदा जमलं. पेनी मावशीच्या तळव्यावर पडली. रापी रोलंड स्मॉलवुड यांची झाली.

मग मात्र कीली पहिल्यांदा मोकळेपणानं बोलली. म्हणाली, "पण आजोबा, आता तुम्ही मला दिलीत, की मला तुम्हाला पेनी द्यावी लागेल. म्हणजे तुम्ही मला विकलीत."

पोरगी हुशार होती. सरकारात घ्यायला हवी होती, पण वय आडवं आलं असतं. मावशीनं कपाळ धरलं. आजोबा हसले. दात नव्हते फार, पण होते तेवढे सगळे दिसले.

"मी तुला देतोय कुठं? रापी माझी, माझ्या बाकावर राहील. तू माझी शागीर्द, माझ्या बाकावरची अवजारं वापरशील, परीक्षेलाही नेशील. तेवीस तारखेला पेनी दे आणि घेऊन जा. तोवर माया उधार."

त्या दुपारी तिनं नव्या रापीनं पहिला काप घेतला. आजोबा मागं उभे होते. त्यांचे हात पुन्हा खिशात गेले होते, आणि तिच्या हातात ना थरथर होती ना घाई. कातडं साय फाटावी तसं दुभंगलं. परत येताना मावशी सबंध रस्ता गात होती, पोलिसाची गाडी शेजारून गेली तरी.

चौदा तारखेची परीक्षा ती पास झाली. परीक्षकांनी खोगिराची तारीफ केली आणि दोन गुण कापले, कारण अर्जातला जन्मतारखेचा रकाना निळ्या शाईनं भरला होता, काळ्या नव्हे.

चोवीस मार्चला सकाळी मावशीच्या पडद्यावर मागणी आली. कीली स्मॉलवुड, वॉल्सॉल. कातड्याची कड छिलायची लहान रापी, एक, जाड मुठीची. कागद म्हणाला अठरा वर्षं एक दिवस, यंत्र म्हणालं एकतीस. मावशीनं सवयीनं लिहिलं, हात दाखवा. फोटो आला त्यात चार हात होते. दोन स्थिर, आणि दोन जरा अस्पष्ट, हललेले. मावशीनं मंजूर केलं. मी डबा बांधला. पेनी चिकटवू का, असं या वेळी विचारलं. ती म्हणाली, "तुला कोणी विचारायला सांगितलंय?"

आठवड्यानं आजोबांचा फोन आला. पार्सल आणणारा माणूस दारात आला तेव्हा ते एकटेच पुढच्या खोलीत होते. त्यानं पुरावा मागितला. त्यांनी बसचा पास दाखवला. तो म्हणाला, माफ करा काका, घरात कोणी मोठं माणूस आहे का? मग त्यांनी बाकावरून कीलीला हाक मारली.

"आता आमच्या घरात एक तरी मोठं माणूस आहे," ते म्हणाले. "रापी तिनं माझ्यासाठीच मागवली होती. जाड मूठ आहे, माझ्या हातात बरी बसते. पेनी मी तिला तिथंच मोजून दिली."

मावशीनं खोट्या दरडावणीनं विचारलं, की पोरीनं विकण्याआधी नियमाप्रमाणे तुमचे हात तपासले की नाही.

"तपासते की," आजोबा म्हणाले. "रोज सकाळी. थरथर कालच्याइतकीच आहे का, ते बघते आणि मग माझ्या हातात धार देते."